वारा पडू नये म्हणून

दार इतकं धडधडत होतं की फुजी पर्वताच्या चढणीत आठव्या टप्प्यावरच्या त्या लाकडी खोपटात कुणाचाच डोळा लागेना. खोपटाचे मालक ओसादा यांनी संध्याकाळीच बजावलं होतं, "वारा पडेपर्यंत कुणी वर जायचं नाही. फुजीसान कुठं पळून जात नाही." शिखरावरून सूर्योदय बघायला आलेली माणसं हिरमुसली. मी तेवढी मनातून खूश झाले, आणि खूश झाले म्हणून स्वतःवरच चिडले.

माझ्या पिशवीत आईचा यात्रेचा पांढरा अंगरखा होता. दर चढाईला शिखरावरच्या देवळात त्यावर लाल शिक्का मारून घ्यायचा, आणि माणूस गेलं की तोच त्याच्या अंगावर घालून निरोप द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. आईचा अंगरखा शिक्क्यांनी भरून गेला होता. पाठीवर मधोमध एकच जागा मोकळी राहिली, आणि ती भरायच्या आत आईनं अंथरूण धरलं.

"तेवढा एक शिक्का आण, किनू," डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात ती म्हणाली, "म्हणजे मी मोकळी."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. या कुशीवरून त्या कुशीवर करत होते, तर शेजारी खेटून झोपलेल्या शिगे मावशीनं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं, मला कोपरानं ढोसलं.

"किती चुळबूळ! पिसवा चावतायत का?"

"झोप येत नाही, मावशी."

"कशी येईल? चोराच्या मनात चांदणं. मघाशी वारा वाढला तशी वाटीभर भात जास्त जेवलीस. मला दिसत नाही होय?"

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. वारा असाच राहू दे, एवढंच घोकत राहिले.

पहाटे तो पडलाच. बघता बघता माणसं उठली, दिवे कपाळाला बांधून बाहेर पडली. मावशी काठी घेऊन दारात उभी.

"चल."

"माझा गुडघा धरलाय."

"कुठला?"

मी उजवा दाखवला.

"काल डावा धरला होता."

मग मला राहवेना. "मावशी, आई त्या शिक्क्यासाठीच तग धरून आहे. मी तो नेलाच नाही, तर ती जाणार नाही. मी नाही येत वर. मला आई हवीय."

वाटलं होतं, आता ही आग पाखडणार. पण ती काठी ठेवून माझ्याजवळ बसली. "मला काय नकोय ती? मला तरी दुसरी बहीण कुठं आहे?" मग तिनं फोन काढला. "पण हे तिलाच सांग."

पलीकडं दवाखान्यात आईजवळ बसलेल्या वहिनीनं फोन तिच्या कानाला लावला.

"आई, वर फार वारा सुटलाय गं. कुणालाच सोडत नाहीत."

"पडला की," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक. "खिडकीतून दिसतंय मला. दिव्यांची रांग वर चाललीय. तू का नाहीस त्यात?"

"माझा गुडघा..."

"किनू." ती दम खात थांबली. "फार दुखतंय गं मला."

बाळंतपणात, ऑपरेशनात, बाबा गेले तेव्हा, कधी म्हणून आईच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. अजूनही डॉक्टरांना ती "बरी आहे" असंच सांगायची. मला एकटीला तिनं हे सांगितलं, आणि मी रात्रभर वाऱ्याची विनवणी करत पडले होते.

"आणते, आई," मी म्हणाले. "दुपारपर्यंत आणते."

मी एका बुटाची नाडी बांधली. मावशीनं गुडघे टेकले आणि दुसरा बूट तिनं बांधला.