शोभाताईंचा मुक्काम

“पण मी आजीला विचारलं होतं, बाबा! शी सेड नो!”

हिमानीचा आवाज स्वयंपाकघरात आला तेव्हा शोभाताई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

“काय विचारलं होतंस नेमकं?” श्रीरामने फोन ठेवत विचारलं. अर्धा तास त्याने कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसचं होल्डवरचं संगीत ऐकलं होतं, त्यामुळे त्याचा आवाज जरा चढलेला होता.

“डू यू लिव्ह हिअर? आजी म्हणाली, नाही गं, मी पाहुणी. सो आय पुट थ्री.”

“आणि कॉलेजने परत विचारलं तेव्हा?”

“तेव्हा पण तेच लिहिलं. माय ग्रँडमदर इज व्हिजिटिंग. इट्स ट्रू! ती सगळ्यांना तेच सांगते.”

घोळ झाला होता तो असा. मदतीचा अर्ज हिमानीने एकटीने कॉम्प्युटरवर बसून भरला होता, आणि घरात माणसं किती, या प्रश्नाला आई, बाबा आणि मी, असं मोजून तीनचा आकडा टाकला होता. श्रीरामच्या टॅक्सच्या कागदांवर मात्र माणसं चार होती, कारण सासूबाईंचं नाव तो दरवर्षी लावत असे. दोन्ही कागद एकमेकांशी जुळेनात म्हणून कॉलेजने मदत रोखून धरली होती. गेल्या वर्षी श्रीरामची औषध कंपनीतली नोकरी गेली होती आणि आता मिळालेल्या नोकरीचा पगार बेताचाच होता. मदत मिळाली नाही तर हिमानीचं ते कॉलेज हुकणार, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आता हिमानीला तरी दोष कसा द्यायचा? शोभाताई अमेरिकेत, पिस्कॅटवेला आल्या तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती, आणि आता ती त्यांच्यापेक्षा वीतभर उंच झाली होती. तेवढ्या काळात शोभाताईंचं ग्रीन कार्ड आलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मागच्या अंगणात त्यांनी लावलेला पुदिना शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरला. तरी कोणी “काकू, किती दिवस मुक्काम?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “दिवाळी झाली की जाईन म्हणते.” कोणत्या दिवाळीनंतर, ते विचारायची सोय नव्हती. फ्रिज उघडतानासुद्धा त्या वीणाला विचारायच्या. पोटच्या लेकीला!

त्यांनाही काय बोलणार? अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. नवरा लवकर गेला. वीणाला त्यांनी कोणापुढे हात न पसरता वाढवलं. जावयाच्या घरी जाऊन राहणं त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. त्यांची आई तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नव्हती. त्यामुळे पाहुणी म्हटलं की शोभाताईंना घास गोड लागायचा. वीणाला हे कळत होतं, श्रीरामलाही कळत होतं, आणि म्हणूनच इतक्या वर्षांत दोघांनी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नव्हतं.

“कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई म्हणतात, आजींनी स्वतः येऊन सांगायला हवं,” श्रीराम हळू आवाजात म्हणाला. स्वयंपाकघराला दार नाही, याचा त्याला नेहमीप्रमाणे विसर पडला होता. “त्या इथेच राहतात आणि त्यांचं सगळं आपण बघतो, असं.”

“आईला असं सांगायला लावायचं?” वीणा म्हणाली. “नको रे. फार लागेल तिला.”

“मग राहू दे. मी लोन काढतो. नाहीतर पहिली दोन वर्षं इथल्या स्वस्तातल्या काउंटी कॉलेजला जाऊ दे हिला. काय बिघडतं?”

एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी हिमानी गप्प बसली, ते शोभाताईंना फार झोंबलं. लोनचं एक वेळ ठीक होतं, पण आपला मान जपायला ही पोर मन मारणार? त्यांनी मेथी बाजूला सारली आणि हात धुतले.

“श्रीरामराव, ते ऑफिस कधी उघडतं?” त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

“आई, अहो, तसं काही नाही, मी बघतो...”

“तुम्ही काय बघणार? घोळ मी घातलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाडीत बसले. शोभाताई ठेवणीतली नारायणपेठ नेसल्या होत्या. वर हिमानीचं जुनं जॅकेट होतं, पण चेहरा असा की त्या जॅकेटकडे कोणाचं लक्ष जाऊ नये.

काउंटरपलीकडच्या बाई थोराड, हसऱ्या होत्या. त्यांनी आधी अर्ज पाहिला, मग शोभाताईंना. “सो, मॅम, यू आर व्हिजिटिंग युअर डॉटर?”

शोभाताई दोन्ही हात काउंटरवर ठेवून ताठ उभ्या राहिल्या. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या तेव्हाचा स्पष्ट, मोकळा आवाज लागला त्यांचा.

“नो, मॅडम. आय लिव्ह देअर. इट इज माय होम.”

“अँड हू सपोर्ट्स यू?”

इथे मात्र त्या थांबल्या. श्रीराम खाली बघत होता, जणू चूक त्याचीच होती.

“माय सन-इन-लॉ,” शोभाताई म्हणाल्या. “फॉर मेनी इयर्स. ही नेव्हर लेट मी फील इट.”

बाईंनी त्यांच्यासमोर कागद सरकवला. शोभाताईंनी सावकाश सही केली. बाईंनी तिथल्या तिथे अर्जातल्या तीनचे चार केले, थोडा वेळ कीबोर्ड बडवला आणि हिमानीकडे बघून म्हणाल्या, “वुई विल सी यू इन द फॉल, हनी.” हिमानीने आजीला अशी मिठी मारली की नारायणपेठेच्या निऱ्या सुटायच्या बाकी राहिल्या.

परतताना शोभाताई खिडकीबाहेर बघत होत्या.

“आई, वाईट वाटलं का गं?” वीणाने विचारलं.

“वाटलं. खोटं कशाला बोलू?” त्या म्हणाल्या. “बोलताना जीभ जड झाली होती. पण बोलून झाल्यावर हलकं वाटलं बघ.”

घरी आल्यावर वीणाने चहा टाकला. शोभाताई दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसल्या. दुपारचं ऊन समोरच्या खिडकीतून थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, मग तो खाली घेतला.

“श्रीरामराव, हा सोफा त्या भिंतीला लावा. इथे डोळ्यांवर ऊन येतं.”

वीणा हातात गाळणी घेऊन बाहेर आली. आजवर शोभाताईंनी या घरातली खुर्चीसुद्धा हलवायला सांगितली नव्हती.

“कधीपासून येतंय ऊन?” श्रीरामने विचारलं.

“आले तेव्हापासून.”

श्रीरामने बाह्या सरसावल्या, दुसरं टोक हिमानीने धरलं आणि सोफा कुरकुरत पलीकडच्या भिंतीशी गेला. शोभाताई मधोमध उभ्या राहून बघत होत्या.

“अजून थोडा डावीकडे,” त्या म्हणाल्या.

श्रीरामने सोफा पुन्हा उचलला.