ढगळ

धाकटीने ताईच्या कमरेपाशी ड्रेसचं कापड चिमटीत धरलं आणि तिचं अवसानच गळालं. चांगलं दोन बोटं कापड हातात आलं. तिसरं सॅम्पल, आणि तेही ढगळ!

"मास्तर, काय चाललंय हे?" ट्रायल रूमचा पडदा सारून ती ओरडली. "दर वेळी तेच? जेवणाच्या घंटेपर्यंत मी होकार दिला नाही, तर मालक आमची शिलाईची लाइन शाळेच्या गणवेशांना देणार आहेत. मग आम्हाला कोण विचारतंय!"

यात एक अक्षरही वाढवून सांगितलेलं नव्हतं. तीन कारखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. "दोनशे नग? एवढ्यात आमची मशिनं गरमसुद्धा होत नाहीत," असं म्हणून एकाने वर चहा पाजला होता. इथल्या मालकांच्या अक्षरशः हातापाया पडून तिने जागा मिळवली होती. नोकरी सोडलेली, दुकानदाराला तारीख दिलेली. आणि ब्रँड ब्रँड म्हणजे तरी काय, ती आणि ताई. ती चित्रं काढायची, ताई अंगावर घालून दाखवायची. ताईच्या अंगावर ड्रेस नीट बसला, की त्यावरून लहानमोठी सगळी मापं निघायची.

"ओरडू नकोस गं, ठमे," ताई आतून म्हणाली. "वरून बेल्ट लावला तर?"

"बेल्ट लावायला ते पोतं आहे का?"

ताई हसली आणि स्टुलावर बसली. हल्ली ती लगेच बसायची. धाकटीने पडदा ओढला.

कटिंगमास्तर वाद घालणाऱ्यातले नव्हते. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि बोलणं मोजूनमापून. त्यांनी आधीची दोन सॅम्पलं टेबलावर आणून पसरली. शेजारी आपली मळकी वही उघडली.

"हे पहिलं. कंबर एकतीस. ताईंच्या कमरेला टेप मीच लावली होती, एकतीसच भरली. तुमचा फोन आला, ढगळ आहे. दुसरं तीसचं शिवलं. परत फोन, ढगळ. आज त्यांनी घातलंय ते साडेअठ्ठावीसचं आहे."

"मग चुकतंय कुठे? सांगा ना! मला आता वेड लागायची वेळ आलीय."

मास्तरांनी आवाज खाली आणला.

"कापड धुतलं की आटतं, बाई. वाढलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

धाकटी वळली. पडद्याच्या फटीतून ताई दिसत होती. तिने कपडे बदलले होते आणि मनगटावर घड्याळ बांधत होती. पट्ट्याच्या शेवटच्या भोकापुढे कात्रीच्या टोकाने पाडलेलं एक वेडंवाकडं भोक होतं. त्याच्यापुढे आणखी एक.

घंटा झाली. मशिनं एकेक करत थांबली. मालक कागद घेऊन आलेच.

"काय ठरलं? कापड टाकू टेबलावर?"

धाकटी अजून पडद्याकडेच बघत होती. ताई बाहेर आली, हातातलं सॅम्पल तिने बाजूला ठेवलं आणि पहिल्यावर तळवा टेकवला.

"हेच माप धरा, मास्तर. हे बरोबर होतं."

"तुला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"म्हटलं, तुझी ऑर्डर एकदा लागू दे. मग बघू."

"कधीपासून, ताई?"

ताई सॅम्पलची बाही सरळ करत राहिली. ती आधीच सरळ होती.

"दुसऱ्या सॅम्पलच्या आधीपासून."

मास्तर वहीत बघत म्हणाले, "एकतीसवर कापतो. तुम्ही दोघी निघा आता."

मालकांनी कागद पुढे केला. ज्या सहीसाठी धाकटीने जिवाचं रान केलं होतं, ती तिने न वाचताच करून टाकली. मग ताईच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"अगं, कटिंग बघायचं होतं ना तुला?"

"मास्तर बघतील."

जिन्यात तिने ताईच्या कमरेत हात घातला. हात पार पलीकडे पोचला.

"पडत नाही गं मी," ताई म्हणाली. पण हात काढ म्हणाली नाही.