समुद्रात रेष नसलेला नकाशा

निळी शाई. मासळीची ओली टोपली. आकड्यांची चिठ्ठी. परक्या देशातला तुरुंग. लाल बॉलपेन.

मित्रांनो, मी एक जुना भिंतीवरचा नकाशा आहे. चेन्नईजवळच्या कोवलम गावात, कोळ्यांच्या मुलांच्या शाळेत मी तीस वर्षे टांगलेला होतो. माझा जन्म १९७२चा. माझा समुद्र इतका सुंदर की तपासणीला आलेले साहेबही थांबून पाहत. पण त्या निळ्यात भारत आणि श्रीलंका यांच्या मधली रेष नव्हती. दोन्ही देशांनी ती माझ्या छपाईनंतर ठरवली, आणि माझ्यावर ती कुणी काढली नाही. मुले माझ्यासमोर शिकली, मोठी झाली, समुद्रावर गेली.

त्यांतलाच वेलायुदम. २००४च्या फेब्रुवारीत तो नागपट्टिणमच्या एका बोटीवर कामाला गेला आणि श्रीलंकेच्या आरमाराने ती बोट पकडली. एप्रिलमध्ये निवडणुकीचा प्रचार सुरू झाला.

गावाची रीत अशी. उमेदवाराने किनाऱ्यावरच्या पंचायतीपुढे यायचे आणि गावाचा शब्द मागायचा. पंच शब्द देतील त्यालाच सगळे गाव मत देणार. पंचायतीत बायका बसत नाहीत.

वेलायुदमची बायको कनका मासळी विकायची. ती टोपली घेऊन थेट वर्गात आली. "टीचर, नकाशा द्या."

आमच्या तुळजाबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. "काय करणार गं त्याचं?"

"मतं मागायला येतायत ना? माझा नवरा कुठाय, बोट ठेवून दाखवू देत."

बाईंनी माझे दुसरे टोक धरले आणि दोघींनी मला किनाऱ्यावर पंचायतीपुढे नेले.

"मासे संपले वाटतं?" पंच म्हणाले. "इथे गावाचा शब्द ठरतोय, कनका."

"ठरवा की. शब्दानं माणूस घरी येत असेल तर मीही चार देते!"

त्याच सकाळी पहिला उमेदवार राघोत्तम आला. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातला तरुण इंजिनिअर, पहिल्यांदाच उभा राहिलेला. कनकाने त्याला चिठ्ठी दिली. निसटून आलेल्या दुसऱ्या बोटीने जीपीएसवरचे त्या जागेचे आकडे लिहून आणले होते. दोन महिने ते कुणी वाचलेच नव्हते. राघोत्तमने पिशवीतून सागरी सीमेची सरकारी पुस्तिका काढली, माझ्यावर लाल रेष ओढली आणि एक ठिपका दिला.

"अक्का, तो रेषेच्या थोडा पलीकडे गेला होता."

"बरं. आता दिल्लीत कुणाला धरायचं?"

राघोत्तमने पुस्तिका मिटली. "ते मला माहीत नाही."

दुपारी दुसरे उमेदवार आले. तीनदा खासदार झालेले. मला पाहून हसले. "समुद्रात कसली रेष? समुद्र आपलाच!" टाळ्या पडल्या.

कनकाने ठिपक्यावर बोट ठेवले. "ऐया, टाळ्या नंतर. हा इथं होता. कागद कुणाला लिहायचा?"

म्हाताऱ्याने चष्मा लावून ठिपका पाहिला. त्याचा आवाज उतरला. परराष्ट्र खात्यातले टेबल कोणते, कोलंबोतल्या आपल्या वकिलातीला काय कळवायचे, सगळे त्याला पाठ होते. "जागा दिली नाही तर कागद नुसता फिरतो," तो म्हणाला. "जागा माझ्याकडे कुणी आणलीच नाही."

"तू विचारलीस का?" कनका म्हणाली. 'ऐया' हा मानाचा शब्द गळून पडला होता.

"अलीकडेच होता असं लिहू," एक पंच म्हणाले.

"नको. पलीकडे गेला, रेष त्याला कुणी शिकवली नव्हती, असं लिहा. खोटं पकडलं तर तो तिथंच सडेल."

तुळजाबाईंनी कागद माझ्यावर टेकवूनच अर्ज लिहिला. त्या संध्याकाळी पंचांनी कुणालाच शब्द दिला नाही. कनकाने मत कुणाला दिले, ते तिने बाईंनाही सांगितले नाही.

मित्रांनो, एकाला रेष ठाऊक होती, दुसऱ्याला दार. पण जिला दोन्ही हवे होते, ती विचारायला आली नसती तर दोघेही हार घालून निघून गेले असते. अनुभव कामाचा असतो, पण त्याला कामाला लावावे लागते. ते मतदारालाच करायचे असते, आणि त्यासाठी आधी आपल्याला माहिती हवी.

पुढे शाळेत प्लास्टिकचा नकाशा आला. मी कपाटामागे गेलो. उंदरांनी माझा हिमालय खाल्ला. मला फेकू नका एवढेच सांगत नाही. मला उघडा, माझ्या चुका दुरुस्त करा. मोठे झालात की मत मागणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा आणि बोट ठेवायला सांगा.

मतदान १० मे २००४ रोजी झाले. वेलायुदम रांगेत कनकाच्या मागे उभा होता.