धुरंधरची मधली चित्रं

जाईबाईनं धुरंधरचा डावा पाय पायरीला अडकवला आणि त्याच्या हातातली बादली वज्रच्या डोक्यावर उपडी केली. मग टाक दौतीत बुडवून, श्वास रोखून, सांडणाऱ्या पाण्याची एकेक रेघ तिनं काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या कागदावर ओढली. रघुवीर मास्तर तिच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबी धुरंधर जळत्या वखारीच्या पायऱ्या ताठ मानेनं चढून वर पोचत होता.

मास्तर सिनेमा काढत होते, पण त्यात नट-नट्या नव्हत्या. सगळा कारभार चित्रांचा. वज्र, प्रचंड, तेजस आणि धुरंधर असे चार यंत्रमानव, पोलादी अंगाचे, संकटात सापडलेल्या शहराला वाचवतात, अशी त्याची गोष्ट होती. त्यापायी मास्तरांनी शाळेतली ड्रॉइंग शिकवण्याची कायमची नोकरी सोडली होती आणि दादरला एका मंगल कार्यालयाच्या माडीवर खोली घेतली होती. खाली लग्नाची सनई वाजायची आणि वर आग लागायची, जहाजं बुडायची. आठ मिनिटांचा सिनेमा. मिनिटाला सातशेवर चित्रं. हाताखाली ठेवलेले दोघे चित्रकार एकामागून एक मोठ्या कंपन्यांत निघून गेले, तेव्हा मास्तर एकटेच उरले. एकटे आणि कुशाबा. कुशाबा कॅमेऱ्याखाली एकेक चित्र ठेवायचा, नंबर बघायचा, कळ दाबायचा आणि पुढचं चित्र घ्यायचा.

जाईबाई त्यांना सापडली ती काळाचौकीत. गणपतीत एका मंडळाचा पडदा रंगवायला मास्तर गेले असताना चाळीच्या दारात ती रांगोळी घालत होती. पन्नाशीची बाई, पण चिमटीतून सुटणारी रेघ सुतासारखी एका जाडीची. मास्तर हातातला ब्रश विसरून बघत राहिले. हात इतका कसा स्थिर, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की पंचवीस वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात काढली, दिवसाला हजारभर तुटक्या सुतांना गाठी मारल्या. हात हलवून चालतंय कुठं.

आता मात्र तो हात रिकामा होता. गिरणीत नवी यंत्रं आली होती. सूत तुटलं की ती आपली आपण थांबत आणि चार बायकांचं काम एका बाईवर भागत असे. घरी बसवलेल्या बाकीच्या तिघींत जाईबाई होती, आणि तिची शेजारीण गंगुबाईही होती. ज्या दिवशी साहेबानं कमी केलेल्यांची नावं वाचून दाखवली, त्या दिवशी जाईबाई त्या यंत्रासमोर घटकाभर उभी राहिली होती. ते कुठंतरी अडखळेल, एखादी गाठ चुकेल, म्हणून बघत होती. नाही चुकलं.

मास्तरांकडे तिचं काम साधं होतं. मास्तरांच्या पेन्सिलीच्या चित्रावर आरपार कागद ठेवायचा आणि शाईनं गिरवायचं. दोन महिन्यांत मास्तरांचा तिच्यावर इतका विश्वास बसला की त्यांनी तिला मधली चित्रं काढायला दिली. म्हणजे असं, की धुरंधर पायरीशी उभा आहे हे पहिलं चित्र मास्तरांचं, आणि तो वर पोचला हे शेवटचं चित्रही मास्तरांचं. मधे तो कसा कसा गेला, ती बारा-पंधरा चित्रं जाईबाईची.

पहिली चूक खरोखरच चूक होती. खाली बँडवाल्यांनी एकाएकी ढोल बडवला, टाक घसरला आणि धुरंधरचा गुडघा भलतीकडे वळला. कागद मिळणं मुष्कील झालं होतं. तो फाडायचं जिवावर आलं, म्हणून पुढच्या चित्रात तिनं त्याला थोडा तोल जाऊ दिला, त्याच्या पुढच्यात आणखी थोडा. मग तो आपटला. उठला, इकडंतिकडं कुणी बघितलं नाही ना हे बघितलं, आणि शेवटच्या चित्रापाशी वेळेवर जाऊन उभा राहिला. जाईबाईनं सगळे कागद हातात घेऊन भरभर सोडले. पोलादाचं ते धूड तिच्या अंगठ्याखाली धप्पकन पडलं. तिनं पुन्हा सोडले. पुन्हा पडलं. तिच्या पोटातून असं काही हसू उसळलं की मास्तरांनी मान वळवून विचारलं, काय झालं. तिनं ठसका लागल्याचं सांगितलं आणि पाणी प्यायली.

त्यानंतर तिचा हात थांबेना. धुरंधर शिवडीच्या बंदरात जहाजाला दोर बांधायला गेला आणि स्वतःलाच बांधून बसला. सुटलेली ट्राम अडवायला बाकीचे तिघे वीर रुळांत उभे राहिले, तर हा शेजारच्या रुळांत. चित्रं जास्त लागायची, तेव्हा ती मास्तरांना सांगायची की बारा पुरत नाहीत, चाल नीट दिसत नाही. मास्तर आपल्या नादात, लागतील तेवढी काढा म्हणायचे. संध्याकाळी चाळीत परतल्यावर ती गंगुबाईला सगळं रंगवून सांगायची. गंगुबाई तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामात आकंठ बुडालेली असे. मोर्चाला बायका गोळा करायच्या, घरोघर बंदचा निरोप द्यायचा. पण धुरंधरची हालहवाल ऐकल्याशिवाय तिलाही चैन पडत नसे.

शिवजयंतीनंतरच्या आठवड्यात सगळी चित्रं कॅमेऱ्याखालून गेली आणि फिल्म धुवायला पाठवली. बोलणं आणि संगीत नंतर भरायचं होतं. त्याआधी मास्तरांना एकदा लोकांसमोर ती चालवून बघायची होती. जागा कुठली, तर काळाचौकीचीच व्यायामशाळा, रविवारी दुपारी. इतके दिवस धुरंधर तिच्या अंगठ्याखाली पडत होता, तो आता चारशे माणसांत पडणार होता. आणि मास्तर त्या माणसांत असणार होते.

तिनं शुक्रवारी सांगून टाकायचं ठरवलं. मास्तरांनी आधी एकट्यानं फिल्म बघितली की निदान चारचौघांत त्यांची शोभा व्हायची नाही, असा तिचा विचार. पण शुक्रवारी समितीचा बंद होता. ट्राम नाही, बस नाही, दुकानाची एक फळी उघडी नाही. ती पायी दादरला पोचली, तर माडीला कुलूप. शनिवारी मास्तर फिल्मच्या चौकशीला दिवसभर बाहेर, आणि फिल्मही आली नाही. ती आली रविवारी, खेळाच्या अर्धा तास आधी, कुशाबाच्या सायकलवर.

व्यायामशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. भिंतीवर गेरूनं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं, आणि चादर पातळ असल्यानं त्यातलं 'झालाच पाहिजे' जरा जरा दिसत राहिलं. जाईबाई दाराजवळ बसली. पुढं वाइंडिंग खात्यातल्या तिच्या जुन्या सोबतिणी, मुलंबाळं, रविवारची सुट्टी असलेले गिरणीतले गडी. मास्तर मागं कुशाबाच्या प्रोजेक्टरशेजारी, इस्त्रीचा कोट घालून उभे.

सुरुवातीला सगळे गप्प होते. चार पोलादी वीर डोंगरावर ओळीनं उभे राहिले, तेव्हा कुणीतरी वा म्हणालं. मग वखार पेटली. धुरंधर बादली घेऊन पायऱ्या चढू लागला, त्याचा डावा पाय अडकला, पाणी वज्रच्या डोक्यावर गेलं; धुरंधर उठला, इकडंतिकडं बघितलं, आणि रिकामी बादली मोठ्या ऐटीत आगीवर ओतली.

आधी एक पोर हसलं. मग व्यायामशाळा हसली. हसण्याचा तो लोंढा जाईबाईच्या पाठीवरून दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला. जहाजाच्या दोरात धुरंधर गुरफटला, तेव्हा वाइंडिंगच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, कारण ती चुकीची गाठ कशी चुकली हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. ट्रामच्या वेळी तर एक म्हातारा गडी उभा राहून धुरंधरला हाताच्या खुणेनं सांगू लागला, की अरे बाबा, इकडं, या रुळावर ये.

जाईबाई हसली नाही. तिनं मागं वळून बघितलं. फिल्मच्या उजेडात मास्तरांचा चेहरा दिसत होता. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, परत लावलं, परत काढलं.

खेळ संपल्यावर लोकांनी पुन्हा लावा म्हणून गलका केला आणि कुशाबानं पुन्हा लावला. त्या अंधारात जाईबाई भिंतीला धरून मास्तरांपाशी गेली. तिनं काही लपवलं नाही. पहिल्या घसरलेल्या टाकापासून सगळं सांगितलं, त्या नव्या यंत्रासमोर आपण घटकाभर कशा उभ्या राहिलो होतो तेही सांगितलं, आणि उद्यापासून येत नाही म्हणाली.

"किती चित्रं आहेत अशी?" त्यांनी विचारलं.

"सहाशे बारा."

"मोजलीत?"

"मोजली. सवय आहे."

मास्तर आणखी काही बोलणार होते, पण तेवढ्यात धुरंधर पुन्हा आपटला, आणि ते स्वतःच फस्सकन हसले. हसले आणि लगेच गंभीर झाले, जणू शाळेच्या तपासनीसानं पकडलं. उद्या वेळेवर या, एवढंच ते म्हणाले. कुशाबानं मधेच सांगून टाकलं की त्यानं हे सगळं केव्हाच बघितलं होतं. पण मास्तरांच्याच डोक्यातून निघालेलं असेल म्हणून बोलला नाही, आणि तेव्हा मास्तरांच्या अकलेचं त्याला फार कौतुक वाटलं होतं.

बाहेर गंगुबाईनं तिला गाठलं. हसून हसून तिचे डोळे पाणावले होते, पण मनात भलतंच होतं. शेवट तिला पटला नव्हता. चौघे वीर पुन्हा डोंगरावर जाऊन उभे राहतात, हा काय शेवट?

"त्याका मोडूक सांग गो तुझ्या मास्तराक," ती म्हणाली. "स्क्रू न् स्क्रू येगळो होऊंदे. आमका बरां वाटात."

जाईबाईनं मान हलवली. त्यात हो होतं की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

सोमवारी ती माडीवर गेली, तेव्हा मास्तरांनी टेबल आवरून ठेवलं होतं. रात्रीतून त्यांचा चेहराच बदलला होता. दोन वर्षं आपण वीरांची गोष्ट करत होतो आणि गोष्ट होती ती या वेंधळ्याची, हे त्यांनी तिला तीनदा सांगितलं. वीर तर सगळ्यांनी बघितलेले असतात. आता शेवट बदलायचा. काल लोक बाहेर पडताना काय बोलत होते ते त्यांनी ऐकलं होतं आणि तसाच शेवट योजला होता. धुरंधर अखेरच्या कामाला धावतो, शिट्ट्या वाजतात, वाफ कोंडते, आणि त्याचे तुकडे तुकडे. लोक टाळ्यांनी व्यायामशाळा डोक्यावर घेतील.

त्यांनी दोन चित्रं तिच्यापुढं ठेवली. एकात धुरंधर उभा होता. दुसऱ्यात चाकांचा, पत्र्यांचा आणि स्प्रिंगांचा ढीग होता, आणि ढिगावर डोकं.

"मधली तुमची," मास्तर म्हणाले. "हवी तेवढी घ्या."

जाईबाईनं टाक घेतला, दौतीत बुडवला, निथळून घेतला. खाली मांडव घालणारे बांबू टाकत होते. शाई टोकावर सुकली, म्हणून तिनं टाक पुसून पुन्हा बुडवला. तासाभरानं मास्तर आले, तर कागद कोरा होता.

बरं वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं.

"गिरणीत नवा हात आला की सहा महिने त्याला कुणी टाकून बोलत नसे," जाईबाई म्हणाली. "सूत तुटायचं, बॉबिनी सांडायच्या. शेजारची बाई आपलं काम सांभाळून त्याच्या गाठी मारून द्यायची. माझ्याही मारल्यात."

मास्तरांनी स्टूल ओढून घेतलं.

"मला घालवलं त्या यंत्रानं कधी चूक केली नाही. हा बिचारा चुकण्यापलीकडं काही करत नाही. याला मी का मोडू?"

यंत्र आहे ते, मास्तर म्हणाले. लोखंड. लोकांचा राग आहे त्याच्यावर, आणि तो खरा आहे, तुमचाही आहे.

"असेल. पण यादी वाचली ती साहेबानं. यंत्रानं नाही वाचली."

मास्तरांनी ढिगाचं चित्र उचललं, उजेडाकडं धरलं आणि पुन्हा खाली ठेवलं, उलटं. मग शेवट काय करायचा, असं त्यांनी विचारलं. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

जाईबाईनं नवा कागद मागून घेतला. आजवर तिनं पहिलं चित्र काढलं नव्हतं, शेवटचंही नाही. आधी हात थोडा चाचपडला. मग एक लांब बाकडं आलं. बाकड्यावर सुट्टीत डबे उघडून बसलेल्या बायका आल्या, नऊवारीचा काष्टा मारलेल्या, केसांत सुताचे तंतू अडकलेल्या. बाकड्याच्या टोकाशी धुरंधर उभा होता, हात कुठं ठेवावेत हे न कळून. बायकांनी आपापल्या डब्यांसकट एका बाजूला सरकायला सुरुवात केली होती आणि टोकाला वीतभर जागा झाली होती.

मास्तर वाकून एकेक चेहरा बघत होते. टोकाची एक बाई कपाळाला आठ्या घालून बसली होती. बाकीच्या सगळ्या हलल्या होत्या, ती अजून तिथंच.

"ही कोण?"

"गंगुबाई," जाईबाई म्हणाली. "सरकेल ती. कुरकुर करील, पण सरकेल."