होडीला स्थळ पाहिजे

“आवं सरपंचकाका, ह्या होडीत आजपातुर कोण बसलंय का?”

क्रांतीनं हे भर ग्रामसभेत विचारलं आणि सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. दहावीतली पोरगी, आणि थेट सरपंचांना! खरं तर पैज लावली होती कशिश आणि सृष्टी या मैत्रिणींनी. विचारलंस तर भेळ, नाहीतर तू भित्री. त्या दोघी आता देवळाच्या खांबाआड तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या.

“बसलंय की!” मागून कुणीतरी ओरडलं. “रंगुबाईची कोंबडी. पिल्लं बी काढल्यात.”

सगळे हसले, सरपंच नानासो सोडून. होडी मारुतीच्या देवळासमोर कट्ट्यावर ठेवलेली होती. फायबरची, केशरी, आणि अंगावर देणाऱ्या पुढाऱ्याचं भलंमोठं नाव. पुरासाठी दिली होती बिचाऱ्यानं. चोरीला जाऊ नये म्हणून गावानं ती साखळीनं कट्ट्यालाच जखडली. मग पूर आला. कुलपाची किल्ली होती ग्रामसेवकांकडं आणि ग्रामसेवक होते साताऱ्याला. गाव गुऱ्हाळात रस उकळायच्या काहिलीत बसून बाहेर पडलं आणि होडी जागच्या जागी बुडाली!

तो पुढारी निवडणुकीत पडला. आता निवडून आलेला नवी होडी देणार होता, तिच्यासाठी कट्टा मोकळा हवा होता. म्हणून जुनी भंगारात काढायची. पण सभेला बोलावलेल्या भंगारवाल्या अश्फाकभाईंनी तिला टिचकी मारली आणि मान हलवली.

“फायबर हाय, सरपंच. लोखंड असतं तर डोक्यावर घिऊन नाचलो असतो. ह्ये फुकट बी नगं.” जाताना साखळी तेवढी कापून घेऊन गेले.

“मग मी बघते की तिला मालक,” क्रांती बोलून गेली. पैजेत एवढं नव्हतं.

“बघ बघ. सोमवारपातुर बघ. न्हाईतर करवत लावतो,” नानासो म्हणाले. ‘जो नेईल त्याला होडी द्यावी’ असा ठराव झाला, हात वर झाले आणि माणसं सभेसाठी ठेवलेल्या जेवणाच्या पंगतीकडं पळाली.

क्रांतीनं होडीपुढं उभं राहून व्हिडिओ काढला आणि फोन नंबरासकट नेटवर टाकला. “स्थळ पाहिजे! मुलगी केशरी, धडधाकट, स्वभावानं शांत. पाण्याची सवय नाही, पण शिकेल. हुंडा नाही. टेम्पो तुमचा.”

स्थळं आली की! कवठे महांकाळच्या एका बागायतदाराला म्हशींना वैरण टाकायला हवी होती. मलकापूरचा हायवेवरचा ढाबेवाला तिच्यात टेबल मांडणार होता. फलटणच्या मंडपवाल्याला त्यातून नवरा-नवरीची एंट्री करायची होती, खालून धूर सोडून. क्रांती प्रत्येकाला विचारायची, “पाण्यात सोडणार का?”

“पाण्यात?” मंडपवाला दचकला. “रंग जाईल की गं!”

मग मनुबाईंचा फोन आला. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या एका वाडीतून.

“पोरी, गळती का ती?”

“न्हाई आजी.”

“मग मला दे. आमची लाकडाची फुटली. पोरं टायरच्या ट्यूबवर बसून शाळंला जात्यात.”

इतका वेळ क्रांतीला सगळी गंमतच वाटत होती. आता वाटेना. “तुमालाच देते, आजी. शब्द हाय माझा.”

ही बातमी फुटली आणि गाव खडबडून जागं झालं. जिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, ती होडी संध्याकाळपर्यंत गावाची शान झाली. “आपली होडी परजिल्ह्यात? सांगलीत पूर यायचा बंद झाला काय?” पारावर चर्चा पेटली. पोरांनी ‘होडी बचाव’ ग्रुप काढला, होडीला हार घातला, फोटो टाकले. रंगुबाईंनी कोंबडीचं कसं व्हायचं ते विचारलं. आणि नानासोंनी क्रांतीच्या वडलांना, नाथाजींना, बाजूला घेऊन सांगितलं, “पोरीला जरा आवरा.”

नाथाजी फौजेतून रिटायर झालेले. घरी येऊन त्यांनी हुकूमच सोडला. “आत्ताच्या आत्ता त्या बाईला फोन लाव आन न्हाई म्हणून सांग. आपल्याला गावात ऱ्हायचंय.”

“पोरं ट्यूबवर बसून जात्यात म्हणं,” आई, म्हणजे संयोगिता, तव्यावरची भाकरी उलटत पुटपुटली.

“तू मधी पडू नगंस.”

क्रांतीचा आवाज ग्रामसभेतलाच निघाला. “पप्पा, जो नेईल त्याला द्यायची, असा ठराव झालाय. तो मोडायचा तर परत ग्रामसभा घ्याय लागती.”

“मग घेतील की!”

“आन माणसं कुठनं आणतील? ह्या वक्ताला जेवान हुतं म्हणून भरली सभा.”

नाथाजींनी ताट पुढं ओढलं. आईनं चुलीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

“फोन मी केलाय, पप्पा,” क्रांती म्हणाली. “पण टेम्पो घिऊन या म्हणून. उजाडताच येतोय. आन मी संगट जाणार हाय. होडी पाण्यात सुटल्याली, आन ती पोरं तिच्यात बसल्याली डोळ्यांनी बघणार, मगच माघारी येणार. शाळंत सरांना तुमी सांगा.”