सुगंधाच्या 'पण'नंतरची पानं

मित्रांनो, मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. माझं खरं नाव विचारू नका. मुखपृष्ठ आणि पहिली पानं कधीच गळून गेली, आणि आता अंगावर चढवलेल्या काळ्या कापडी पुठ्ठ्यावर नुसता वाचनालयाचा क्रमांक आहे. पण आमच्या बावडा गावात कुणाही जाणत्या बाईला 'भुजंगरावाची कादंबरी' म्हणा, ती पदराआड हसेल आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघेल. एवढी ओळख मला पुरते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. पुस्तक कसं जन्मतं ते तुम्हाला सांगते. मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापतात, मग त्या कागदाच्या घड्या घालतात. अशा एका घडीला फर्मा म्हणतात. सगळे फर्मे एकावर एक रचून दोऱ्याने शिवले की झालं पुस्तक. हे नीट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं त्या शिवणीतच आहे.

माझ्या पोटात सरदार भुजंगरावाची गोष्ट आहे. दिसायला राजबिंडा, घोड्यावर मांड अशी की बघत राहावं, आणि व्यसन म्हणाल तर एकही सोडलेलं नाही. दारू, जुगार, बायकांचा नाद, सगळं यथासांग. माझ्या लेखकाने या उद्योगांवर अर्धं पुस्तक खर्च केलं आहे आणि खरं सांगायचं तर ते फार रंगवून लिहिलं आहे. मग त्याला भेटते पाटलाची सुगंधा. ती त्याच्यासमोर नजर खाली घालत नाही. तिच्यासाठी भुजंगराव सुधारतो आणि शेवटी दोघांचं लग्न होतं.

बावड्याच्या वाचनालयाने मला विकत घेतलं आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. कपाटात मला जागाच उरली नाही, इतकी मी घरोघर फिरले. मी चुलीपाशी उघडले गेले, गोठ्यात उघडले गेले, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, पिकाला पाणी पाजायच्या पाळीला उघडले गेले. माझ्या पानांवर हळदीची बोटं आहेत, दुधाचे थेंब आहेत. हळदीच्या डागांचा मला राग यायचा, कारण मी स्वभावाने जराशी नटवी आहे. पण कुठल्या पानांवर डाग जास्त आहेत हे पाहिलं आणि माझा राग गेला.

मित्रांनो, बायकांना भुजंगराव का आवडायचा हे मोठी माणसं तुम्हाला सांगणार नाहीत. त्यांना वाटतं, बायकांना वाईट माणूस आवडतो. अगदी चूक. ज्या घरात पुरुष पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हाताने भरून घेत नाही, तिथली बाई वाचते की एक सरदार, ज्याला आजवर कुणीही आवरू शकलं नाही, एका बाईचं म्हणणं कान देऊन ऐकतोय. तिच्या एका शब्दासाठी भरलेला पेला खाली ठेवतोय. डाग होते ते त्या पानांवर. जो मुळातच गरीब गाय आहे, त्याने ऐकलं तर त्यात काय नवल? कुणाचंच न ऐकणारा आपलं ऐकतो, यात बाईला आपली किंमत दिसते. मला या वाचकिणींचा फार लळा लागला होता.

मग ते बाइंडिंग आलं. इतक्या हातांतून फिरल्यावर माझी शिवण उसवली. वाचनालयाने जुन्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून एका बाइंडिंगवाल्याकडे पाठवला. त्याच्या मेजावरून माझा मधला एक फर्मा घसरला, केराबरोबर बाहेर गेला, आणि उरलेलं शिवून, कापून, पुठ्ठा लावून मला परत पाठवलं. कुणी पानं मोजून पाहिली नाहीत. तेव्हापासून माझ्यात असं आहे, की एका पानाच्या तळाशी सुगंधा म्हणते, 'सरदार, मी तुमची होईन, पण' आणि समोरच्या पानावर एकदम अक्षता पडतात.

गेलेल्या पानांत काय होतं ते मला पाठ आहे. सुगंधा म्हणाली होती, पण आधी तुम्ही ज्यांचं वाईट केलंत त्यांच्या दारात जाऊन या. मी वाट बघेन असंही समजू नका. मग भुजंगराव चालत गावोगाव गेला. ज्या कुंभाराच्या मुलीला वचन देऊन त्याने फसवलं होतं तिच्या दारात उभा राहिला. तिने त्याला माफ केलं नाही. तरी तो दारू न पिता परत आला, आणि सुगंधाकडे न जाता आपल्या पडीक रानात राबला. त्या पानांत एकही गोड वाक्य नव्हतं. पण भुजंगराव सुधारला तो तिथे.

ती पानं गेली आणि नंतरच्या वाचकिणींना वाटलं, अक्षता पडल्या म्हणून तो सुधारला. 'पण' सगळ्यांना दिसायचा. त्याच्या पुढे काय, हे कुणी विचारलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पुस्तकाचं दुर्दैव असं, की जेवढं शिवलेलं आहे तेवढंच त्याला बोलता येतं.

पुढे हातोहाती मोबाईल आले आणि माझं फिरणं थांबलं. वाचनालय सांभाळणाऱ्या दादासोंनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. काचेतून एसटी दिसायची, ऊस भरलेले ट्रॅक्टर दिसायचे. श्वास घ्यावा म्हटलं तर उघडायला कुणी नाही. अशा वेळी वल्लरी आली आणि तिने मला मागून घेतलं.

वल्लरी ही बावड्याच्या जोतीराम तात्यांची लेक. बी.एस्सी. झालेली, दूध डेअरीत दुधाची तपासणी करायला जाणारी. तिचं लग्न पणदऱ्याच्या युवराजशी ठरत होतं. युवराज बागाईतदाराचा एकुलता एक, बुलेटवर फिरणारा, ढाब्यावर बसणारा. निमगाव केतकी गावच्या श्रेयाला लग्नाचं वचन देऊन त्याने झुलवत ठेवलं होतं आणि मग एक दिवस तिचा फोन घेणंच बंद केलं. हे पणदऱ्यात, निमगावात आणि बावड्यातही सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर लग्नाची घाई होती. आमच्या भागात बहकलेल्या पोराला वळणावर आणायचा एकच उपाय सांगतात, त्याचं लग्न लावून द्या. युवराजची आई गोजरबाई पाहण्याच्या कार्यक्रमात हसून म्हणालीच, "पोरगं मनानं चांगलं हाय. दावं न्हाय म्हनून हुंदडतंय."

आता दावं गुरांना बांधतात. इथे वल्लरीचंच दावं व्हायचं होतं.

पण मित्रांनो, तिला कुणी ओढत नेत नव्हतं, हेही मला सांगितलं पाहिजे. पाहण्याच्या दिवशी युवराज तिच्याकडे सरळ बघून म्हणाला होता, "तू म्हनशील ते सोडीन." वल्लरी घरी मला उशाशी घेऊन ते वाक्य आठवायची आणि माझी तीच हळदीची पानं उलटायची. भुजंगरावाच्या जागी तिने युवराजला बसवलं होतं, घोड्याच्या जागी बुलेट. मी तिच्या हातात असून तिला फसवत होते आणि मला थांबता येत नव्हतं.

सुपारी फुटली. दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी तिला डेअरीत जाऊ दिलं नाही. लग्न ठरलेल्या पोरीने उन्हातान्हात कशाला फिरायचं, म्हणाले. मग मी आणि ती एकाच खोलीत. मला तर कोंडून राहायची सवय होती. तिला नव्हती. ती दिवसभर खिडकीपाशी यायची आणि पुन्हा आत जायची. माझं तिसरं का चौथं वाचन चालू होतं. एवढ्या वेळा वाचल्यावर माणूस गोष्टीतून बाहेर येतो आणि कागद बघायला लागतो. तिला पानांच्या आकड्यांतली उडी दिसली.

दुपारी तिची काकू यशोदा गहू निवडत बसली होती. यशोदा म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाची, दिनकरची बायको. तिचं माहेरही बावड्यातलंच, त्यामुळे लग्नाआधी तिने मला वाचलं होतं. तेव्हा मी अखंड होते. तिचे कोवळे हात मला आठवतात. वल्लरी मला घेऊन तिच्याशेजारी बसली आणि तिने विचारलं, "काकू, ह्या 'पण'च्या फुडं काय व्हतं?"

यशोदाने सुपातलं लक्ष काढलं नाही. "मला ठावं न्हाय."

"पर तू तर सगळी पानं असताना वाचलीस ना?"

मित्रांनो, माझी सारी पानं त्या क्षणी कान देऊन होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि जिने मला अखंड पाहिलं होतं तिलाच विचारलं होतं. यशोदाने सूप खाली ठेवलं.

"व्हती पानं," ती म्हणाली. "पर मी ती चाळून फुडं गेले. तितं लगीन न्हवतं. भुजंगराव कुनाच्या तरी दारात हुभा, कुनी त्याला आत घेईना, असलंच काय काय व्हतं. मला लग्नाच्या पानावर जायची घाई झाली व्हती बघ."

एवढं बोलून ती पुन्हा गहू निवडायला लागली. पण निवडलेल्या गव्हातच तिची बोटं फिरत राहिली. तिचा दिनकरही ऐन तारुण्यात बेताल होता आणि वळणावर यावा म्हणूनच त्याचं लग्न केलं होतं. तो आजही ओसरीवर बसतो, संध्याकाळी उठून जातो आणि येतो तेव्हा त्याला धरून आणावं लागतं. मला तिची फार कीव आली.

बस्त्याच्या दिवशी पणदऱ्याची मंडळी आली. दोन्हीकडच्यांनी मिळून बारामतीला कपडे घ्यायला जायचं होतं. गाडी दारात उभी, चहा चालू, गोजरबाई शालूचा रंग ठरवत होती. मी वल्लरीच्या खोलीत फळीवर होते आणि दार उघडं होतं. वल्लरी बाहेर आली आणि तिने सगळ्यांसमोर युवराजला विचारलं, की तो श्रेयाला एकदा तरी जाऊन भेटला का.

युवराज हसला. "त्याचं आता काय? लगीन झालं की सगळं सोडनारच हाय मी."

"मग आदी सोडा," वल्लरी म्हणाली. "श्रेयाच्या दारात जाऊन या. ती काय बोलंल ते ऐकून घ्या. लग्नाचं मग बघू."

गोजरबाईने कप खाली ठेवला. युवराजचं हसू गेलं आणि तो आईकडे बघायला लागला. भुजंगराव सुगंधाकडे बघायचा, हा आईकडे बघत होता. जोतीराम तात्या उठले. सुपारी फुटली आहे, चार माणसांत शब्द दिला आहे, आत जा, असं त्यांनी लेकीला बजावलं आणि पाहुण्यांना हात जोडले. वल्लरी उंबऱ्याला धरून उभी राहिली. तिचा दम संपला होता. अजून कुणी एक शब्द मोठ्याने बोललं असतं तर ती आत गेली असती आणि पुढचं सगळं झालं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून यशोदा बाहेर आली. त्या घरात तिने मोठ्या दिरासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली, "लगीन झालं की हे सुधारतील, असं मलाबी ह्याच घरात सांगितलं व्हतं. सांगनारं तुमीच व्हता. मी अजून वाट बघतीया."

ओसरीवरच्या दिनकरने चपला पायात घातल्या आणि तो रस्त्याला लागला. तात्या खाली बसले. गाडी बारामतीला गेलीच नाही, पणदऱ्याला परत गेली.

लग्न मोडलं असं आमच्याकडे म्हणत नाहीत, थांबलं म्हणतात. युवराज निमगावला गेला नाही. पुढच्या हंगामात त्याची सुपारी दुसरीकडे फुटली आणि तिथेही गोजरबाईने तेच सांगितलं असणार. वल्लरी पुन्हा डेअरीत जाते. तात्या तिच्याशी आता कुठे बोलायला लागले आहेत.

दोष मात्र माझ्यावर आला. असल्या पुस्तकांनी पोरी बिघडतात, असं म्हणून तात्यांनी मला वाचनालयात परत नेलं आणि हे पुन्हा कुणाला देऊ नका, असं दादासोंना बजावलं. मी त्या पोरीला जवळजवळ त्या घरात लोटलं होतं, तेव्हा मला कुणी बोललं नाही. ती आपल्या पायांनी मागे फिरली आणि मी बिघडवणारी ठरले. मी सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या अहवालांच्या मागे आहे. इथून एसटीही दिसत नाही.

मित्रांनो, पुस्तक शिवायला द्याल तेव्हा परत घेताना पानं मोजून घ्या. आणि वाचताना कंटाळवाणी पानं लागली तर उड्या मारू नका. माणूस बदलतो ते कंटाळवाण्या पानांत. एवढी विनंती मी सगळ्यांना करते, पण करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच बाई असते.

ती मागच्या बाजारच्या दिवशी आली होती. दादासोंच्या नाकदुऱ्या काढून तिने कपाट उघडायला लावलं. हातावर आता शिरा उठल्या आहेत, तरी मी तिला ओळखलं. तिने मला मांडीवर घेतलं, सुगंधाचं ते पान काढलं, आणि 'पण'वर ठेवलेलं बोट सावकाश समोरच्या पानावर नेलं. अक्षता पडल्या. तिने बोट मागे घेतलं आणि पुन्हा पुढे नेलं. यशोदाला आता ती पानं वाचायची आहेत, आणि ती माझ्याजवळ नाहीत.