साडूची मान, साडूचा मान

माझ्या साडूची मान गाते, ही थाप नाही. माझ्या बाकीच्या गोष्टींवर तुम्ही विश्वास ठेवू नका, मला चालतं. सलूनमध्ये येणारं कुणीच ठेवत नाही. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला की माझ्या जिभेला फेस येतो. एका माणसाच्या दाट केसांत माझी हरवलेली कात्री पुढच्या कटिंगला सापडली, आणि तो रोज डोक्याला तेल चोपडत असल्यामुळे ती जराही गंजली नव्हती, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच तो माणूस रस्त्यात दिसतो. लोक मला लोणकढे म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला ते माझं आडनाव वाटतं.

साडू याच्या नेमका उलट. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जन्मभर एका कचेरीत नकाशांच्या रेघा मारल्या. तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी लागायची. घराला आग लागली तरी हा आधी घसा खाकरेल आणि मग ओरडावं की नाही याचा विचार करेल.

आणि अशा माणसाच्या मानेने आवाज काढावा!

झालं असं, की रक्तदाब दाखवायला तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सहज स्टेथोस्कोप मानेला लावला, तर आतून प्रत्येक ठोक्याला ‘सूंऽ, सूंऽ’. मानेतल्या रक्तवाहिनीत थर साचून वाट अरुंद झाली होती, आणि रक्त त्या सांदीतून शीळ घालत जात होतं. लगेच मोठ्या इस्पितळात रवानगी. तिथे शिकाऊ डॉक्टरांनी त्याच्या मानेपुढे रांग लावली.

मेहुणी धावतपळत आमच्याकडे सांगायला आली. “भावोजी, सगळ्यांनी आळीपाळीने ऐकलं! एक मुलगी तर म्हणाली, इतका स्पष्ट सूर आजवर नुसता वाचला होता.”

“वाचलेला सूर कसा लागतो?” मी विचारलं.

कुणी हसलं नाही. माझ्या विनोदावर माझ्याच घरात कुणी हसलं नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

सलूनमध्ये तर कहर झाला. बाकावर रोज फुकटचं वर्तमानपत्र वाचणारा आमचा जुना कंपाउंडर घरून स्टेथोस्कोप घेऊन आला. “साडूभाऊ, जरा मान द्या,” म्हणाला. साडूने मान दिली आणि सगळ्यांनी त्याला मान दिला. ज्याची दाढी अर्धी झालेली तोही साबणासकट उठला. “वा!” “अगदी बासरी हो!” माझी कात्रीची गोष्ट ऐन रंगात आलेली, ती हवेत तशीच लोंबकळत राहिली. साडू काही न बोलता खुर्चीत बसलेला. न बोलता! मी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे मिळवलं, ते याने नुसतं बसून नेलं. आणि ती मान तरी कुणाची? जिच्यावरून दर मंगळवारी मी वस्तरा फिरवतो तीच. माझ्याच हाताखाली वाढलेली मान माझ्याच खुर्चीत बसून माझीच गिऱ्हाइकं पळवत होती.

माझा असा जळफळाट झाला की समोर धरलं असतं तर पाणी तापलं असतं.

असाच एक मंगळवार. साडूच्या गळ्याला साबण लावलेला, मी वस्तरा टेकवला, आणि माझ्या उजव्या डोळ्यावर वरून खाली पडदा उतरला. करडा, मुकाट. दुखलं नाही, खुपलं नाही. थोड्या वेळाने तसाच वर गेला. मी दाढी पुरी केली. बाकावरची मंडळी काहीतरी सांगा म्हणत होती, पण मी काही सांगितलं नाही. त्या गोष्टीला ना शेपूट होतं ना शिंगं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला गोष्ट सुचत नाही.

पुढच्या आठवड्यात साडूची तपासणी होती. सोबतीला दोघी बहिणी निघाल्या आणि मीही निघालो. काळजी म्हणून नाही, उगाच कशाला खोटं बोलू? तिथे त्याचं किती कौतुक होतं ते बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मोजकं बोलत होत्या. साडूचं आटोपल्यावर मी कॉलर खाली ओढून पुढे झालो. “बाई, आमचीही ऐका. याच्यात नुसती बासरी असेल, इथे अख्खा बँड आहे.”

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे.

“काहीच आवाज नाही, काका.”

साडूने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, अशी मला शंका आहे. मग माझा तोल सुटला. म्हटलं, आवाज नसेल, पण लक्षणं ढीगभर आहेत! परवा उजवा हात असा मेला की मी त्याला दुसऱ्या हाताने उचलून खिशात ठेवला. जीभ वळेना, अर्धा तास उलटं बोलत होतो, आणि गिऱ्हाईक म्हणालं की आज जास्त समजतंय.

“अहो!” बायको म्हणाली.

बाईंनी वय विचारलं, सिगारेट विचारली, साखर विचारली. त्यांची उत्तरं बायकोने दिली, म्हणून ती खरी होती. “सोनोग्राफी करूनच घेऊ,” त्या म्हणाल्या.

मानेवर थंडगार जेल, अंधारी खोली, पडद्यावर लाल-निळे ठिपके. बाहेर येऊन बाईंनी सांगितलं, की साडूची डावीकडची नळी निम्म्याहून थोडी जास्त बंद आहे. आणि माझी उजवीकडची पंच्याऐंशी टक्के.

“पंच्याऐंशी!” मी साडूच्या पाठीत थाप मारली. “ऐकलंत? डिस्टिंक्शन!”

बाई हसल्या नाहीत. “काका, आवाज असला म्हणजे धोका मोठा असं नसतं, आणि नसला म्हणजे मान साफ असंही नसतं. वाट फारच बारीक झाली की आवाजही मावळतो. पण नुसत्या टक्क्यांवर माझं भागत नाही. त्या थराचा कण सुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू होईल. असा एखादा कण आधीच सुटलाय का, हे मला कळायला हवं. सुटला असेल तर ऑपरेशन याच आठवड्यात. नसेल तर गोळ्या, सिगारेट बंद आणि लक्ष ठेवायचं, घाई नाही. ऑपरेशनलाही धोका असतो. थापेवर मी कुणाची मान कापणार नाही.”

“हात…”

“तुमचा बंद भाग उजवीकडे आहे. त्याने डावा हात जातो. तुम्ही उजवा सांगितलात.”

थाप मारताना चुकीचा हात निवडला होता मी. “बाई, डोळा,” मी म्हणालो. “उजवा डोळा. पडदा आला होता. खरंच.”

त्या एकदम पुढे झुकल्या. “डोळा मात्र त्याच बाजूचा जातो. कसा पडदा?”

आता इथे थांबायला हवं होतं. वरून खाली, करडा, एवढंच. पण माझं तोंड मला विचारून कुठे चालतं? “मखमली,” ते म्हणालं. “आणि त्याला सोनेरी झालर होती.”

बायकोने कपाळावर हात मारला. “डॉक्टर, यांचं असंच असतं.” बाईंनी पेन खाली ठेवलं. जन्मात एकदा खरं बोललो आणि त्यालाही झालर लावून बसलो.

तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला.

“गेल्या मंगळवारी,” साडू म्हणाला. मेहुणी दचकून त्याच्याकडे बघायला लागली. “वस्तरा माझ्या गळ्यावर होता. यांचा हात थांबला. मी आरशात बघत होतो. यांनी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही.” तो थांबला, पुन्हा खाकरला. “डॉक्टर, हे ‘काही नाही’ कधीच म्हणत नाहीत.”

बाईंनी पेन उचललं.

त्याच आठवड्यात माझी मान उघडली, नळी साफ केली, पुन्हा शिवली. कानाखालून कॉलरपर्यंत झकास व्रण आहे. मला वाटलं, आता खरी मजा. हा व्रण दाखवून मी निदान वर्षभर तरी खुर्ची गाजवणार. शार्कपासून तलवारबाजीपर्यंत सगळं जुळवून ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी बाक गच्च भरला. मी कॉलर उघडली. “तर ऐका, मंडळी…”

“लोणकढे, तुम्ही थांबा,” कंपाउंडर म्हणाला. “यांना सांगू द्या.”

साडू गळ्याला साबण लावून बसला होता. त्याने घसा खाकरला आणि तीन-चार वाक्यांत सगळं सांगितलं. वस्तरा थांबला, डोळा झाकला, काही नाही म्हणाले. एकाने डोळे पुसले. माझी गोष्ट, माझा डोळा, माझी मान, आणि डोळे पुसले जात होते त्याच्यासाठी! हा माणूस नसता तर मी आज अर्धा लुळा पडलो असतो, हे मला मान्य आहे. त्यासाठी मी त्याला जन्मभर फुकट दाढी कबूल केलीय. पण माझी गोष्ट देईन असं कुठे म्हणालो होतो?

मी वस्तरा परजत पुढे झालो. साडूला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि त्या जन्माच्या मुक्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“आणि पडद्याला,” तो म्हणाला, “सोनेरी झालर होती.”

“असेल हो!” सगळा बाक एका आवाजात म्हणाला.